साडेआठशे वॅटचं लेबल, खाली साडेचारशेचा एसएमपीएस

दोन प्रोसेसरचं मशीन जुळवायला निघालेल्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. माझे पैसे गेले, मदरबोर्ड गेला आणि एका गिऱ्हाइकाचं काम वेळेवर देता आलं नाही. ज्या युक्तीने मला फसवलं ती दुकानाच्या काउंटरवरच पकडता येते. ती माहीत असेल तर तुमचं तरी नुकसान टळेल.

मी नाशिकला बिल्डर आणि आर्किटेक्ट मंडळींना इमारतींची थ्रीडी चित्रं करून देते. रेंडरला, म्हणजे मॉडेलवरून अंतिम चित्र काढायला, ताकद लागते आणि नवं वर्कस्टेशन आवाक्याबाहेर असतं. म्हणून डेटा सेंटरमधून उतरवलेले इंटेलचे झिऑन ई५-२६८० व्ही४ घेतले, दोन. प्रोसेसर २०१६ चे, पण एकेकात १४ कोअर; दोन मिळून २८ कोअर, ५६ थ्रेड. बोर्ड, मेमरी, ग्राफिक्स कार्ड सगळं जमलं. राहिला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा.

हिशोब मी करूनच गेले होते. एक प्रोसेसर १२० वॅट, म्हणजे दोघांचे २४०. बोर्डावर व्होल्टेज उतरवताना थोडी वीज उष्णतेत जाते, ती धरून २७०. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, त्याचे १७०. मेमरीच्या आठ पट्ट्या, पंखे, डिस्क मिळून गाडी ५०० वॅटच्या आसपास पोचते. यातला बहुतेक सगळा भार १२ व्होल्टच्या लाइनवर येतो. ५०० ला १२ ने भागा, जवळपास ४२ अँपिअर. वर थोडी सवड ठेवली तर त्या एका लाइनवर ५५-६० अँपिअर हवेत. शिवाय दोन प्रोसेसरच्या बोर्डाला ईपीएस, म्हणजे प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची केबल दोनदा लागते, प्रत्येक प्रोसेसरची वेगळी. नेमकी इथेच गिऱ्हाइकाची अडचण दुकानदाराला कळते. बाजारातल्या स्वस्त एसएमपीएसला अशी केबल एकच असते, त्यामुळे दोन केबलवाला शोधणारा माणूस गरजू आहे हे त्याच्या लगेच लक्षात येतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर गेले. तीन-चार दुकानांत ‘मागवावा लागेल’ असं ऐकल्यावर एकाने आतून सीलबंद खोका आणून ठेवला. नामांकित कंपनीचं नाव, ८५० वॅट, ८० प्लस गोल्डचा, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा, शिक्का. मी विचारलं, “बारा व्होल्टवर किती अँपिअर?” त्याने खोक्यावरच्या तक्त्यावर बोट ठेवलं: ७०. “आणि ईपीएस दोन आहेत ना?” खोक्यावरचं चित्र दाखवलं, दोन होत्या. “मॅडम, डोळे झाकून न्या. दोन काय, चार प्रोसेसर ओढेल.” उघडून बघू म्हटलं तर, “सील फोडलं की माल तुमचा, मग परत नाही.” बिल मागितलं तर मिळालं, पण त्यावर फक्त ‘एसएमपीएस ८५० वॅट’. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. “आमची लाइन सगळी अशीच चालते, वॉरंटी दुकानाची,” असं म्हणाला.

घरी खोका उघडला. आत एकच खरी ईपीएस केबल. दुसरीच्या जागी एक जोडतुकडा: एका टोकाला डिस्कला लागतात तसे दोन मोलेक्स, दुसऱ्या टोकाला आठ पिनी. फोन केला तेव्हा उत्तर आलं, “कंपनी आता असंच देते, बिनधास्त लावा.”

मशीन सुरू झालं. विंडोज चढली, मॉडेल उघडली, काही तक्रार नाही. असल्या मालाची लबाडी पचते ती यामुळेच. मशीन नुसतं चालू असताना ते शंभरेक वॅटच ओढतं. रेंडर सुरू करून दोन्ही प्रोसेसर पूर्ण कामाला लागले की मात्र काही मिनिटांत फट्‌दिशी बंद. मेमरी एकेक पट्टी काढून तपासली, प्रोसेसरवरची पेस्ट नव्याने लावली, तापमान बघितलं, सगळं ठीक. दुकानदाराचं एकच पालुपद: “जुना बोर्ड आहे मॅडम, बोर्डातच लोचा.”

आमच्या ओळखीचे इन्व्हर्टर आणि टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. ते मल्टिमीटर घेऊन आले. चालू मशीनच्या ईपीएस कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने, काळ्या तारेपाशी काळी पिन आणि पिवळ्या तारेपाशी लाल पिन टेकवली. नुसतं चालू असताना ११.९ व्होल्ट. “आता लावा ताई तुमचं रेंडर.” आकडा खाली यायला लागला. ११.५. ११.२. मग १०.९ आणि मशीन बंद. एटीएक्स हे पीसीच्या एसएमपीएसचं मानक; त्याच्या २.x आवृत्त्यांच्या नियमाप्रमाणे १२ व्होल्टची लाइन पाच टक्क्यांच्या आत राहायला हवी, म्हणजे ११.४ च्या खाली जाताच कामा नये. तोवर खोलीत जळकट वास पसरला होता. जोडतुकड्याचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन मऊ पडलं होतं, आणि बोर्डावरच्या सॉकेटमधल्या दोन पिना काळ्या ठिक्कर. बोर्ड त्यानंतर चालू झाला नाही.

काकांनी एसएमपीएस उलटा केला. मागे, वायर लावायच्या जागेशेजारी एक चकचकीत ‘वॉरंटी सील’ चिकटवलं होतं. ते नखाने खरवडलं तर खाली लाल सरकबटण, ११५ आणि २३० व्होल्ट निवडायचं. काका म्हणाले, “ताई, हा गोल्ड असूच शकत नाही.” याचं कारण समजून घ्या. ८० प्लसचा शिक्का मिळायला पॉवर फॅक्टर, म्हणजे लाइनमधून घेतलेली वीज किती नीट वापरली जाते याचं माप, किमान ०.९ लागतो. त्यासाठी आत अॅक्टिव्ह पीएफसीचं, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं, सर्किट असतं, आणि ते असलं की सप्लाय सहसा १०० पासून २४० व्होल्टपर्यंत आपणहून जुळवून घेतो, बटण लागतच नाही. लाल बटण दिसलं आणि खोक्यावर गोल्ड असेल तर खोका खोटा, एवढं सरळ आहे. झाकण काढल्यावर उरलंसुरलं कळलं. आत २०० व्होल्टचे दोन छोटे कपॅसिटर. पीएफसी असलेल्या सप्लायमध्ये ४०० व्होल्टचा किंवा त्याच्या वरचा चांगला जाडजूड कपॅसिटर दिसतो. बाजूचं लेबल हेअर ड्रायरने गरम करून सोललं, तर खाली दुसऱ्याच नावाचं लेबल. ४५० वॅट. १२ व्होल्टच्या दोन लाइन मिळून कमाल ३०० वॅट. म्हणजे २५ अँपिअर, मला ४२ लागत असताना.

हे दोन लाइनींचं प्रकरण खऱ्या मालातही ध्यानात ठेवा. १२व्ही१ ला १८ आणि १२व्ही२ ला १८ लिहिलं असेल तर बेरीज करून ३६ धरायचे नाहीत. दोन्ही मिळून किती, हे तक्त्यात वेगळं दिलेलं असतं. तोच आकडा खरा.

ज्या कंपनीचं नाव वर छापलं होतं तिच्या ग्राहक सेवेला सिरियल नंबर पाठवला. उत्तर आलं की तो नंबर त्यांच्या भलत्याच मॉडेलचा आहे. नाव त्यांचं चोरलेलं, त्यांचा यात काही दोष नाही. दुकानदाराला ते पत्र दाखवलं, तर तो म्हणे, “तुम्ही लोड जास्त दिलात.” मग, “दुसरा पीस घेऊन जा.” तोच माल पुन्हा घेऊन मी काय करणार? मला मनस्वी चीड आली ती या निर्ढावलेपणाची. आग लागली असती तर? रात्रभर रेंडर लावून माणसं शेजारच्या खोलीत झोपतात.

आता तुम्ही काउंटरवर काय करायचं ते. सील दुकानातच फोडा. नाही म्हणाला तर पुढचं दुकान बघा. मागे लाल बटण आहे का पाहा, आणि तिथे स्टिकर असेल तर तो काढायला लावा. ईपीएसच्या दोन केबल थेट एसएमपीएसमधून निघालेल्या हव्यात. चार पिवळ्या आणि चार काळ्या तारा, आणि तारेवर १८ एडब्ल्यूजी किंवा १६ छापलेलं; या मोजणीत आकडा लहान तितकी तार जाड. मोलेक्सचा जोडतुकडा फुकट दिला तरी घेऊ नका. ग्राफिक्स कार्डची आठ पिनी केबलही ईपीएसच्या जागी चालत नाही, तिच्यात तारांची मांडणी उलटी असते. मॉडेलचं नाव ८० प्लसच्या अधिकृत यादीत मोबाइलवर तिथल्या तिथे शोधता येतं. लेबलवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाका, उत्पादकाचं नाव समोर येतं. आणि बिलावर मॉडेल व सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

‘विकलेला माल परत नाही’ या पाटीला घाबरायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. मीही नोंदवली, दुकानदाराने तिला दाद दिली नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले आहे. माल मुंबईला घेतला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. एसएमपीएसबरोबर बोर्डाचीही भरपाई मी मागितली आहे. त्यासाठी वितळलेला जोडतुकडा, सोललेली दोन्ही लेबलं, मीटरवरच्या आकड्यांचा व्हिडिओ आणि दुकानदाराचे व्हॉट्सअॅप मेसेज सगळं जपून ठेवलं आहे. तुमच्याकडे असलं काही निघालं तर झाकण काढायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, नाहीतर ‘तुम्हीच आत हात घातलात’ म्हणायला तो मोकळा होतो.