मोटरहोम (चाकांवरचं घर): ताशी 50 की 80?
गोव्यात पत्रादेवी ते पोळे, महामार्ग 66. ताशी 80 ला हवेचा अडथळा 50 च्या अडीचपट होतो. कपाटाएवढं तोंड असलेल्या गाडीत तो डिझेलमधूनच वसूल होणार. मग 50 च बरी?

थांबा. टॉप गिअरमध्ये 50 नं रखडवलीत तर इंजिन गुदमरतं, काजळी धरतं. बीएस-6 गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तर एक्झॉस्ट चांगला तापल्याशिवाय साफच होत नाही. म्हापसा-पणजीच्या रांगेत तो तुंबत जातो, मोकळ्या रस्त्यावर सलग पळवली की बहुधा सुटतो.

करमल घाटात दोन्ही आकडे विसरा. खालचा गिअर, नजर आरपीएमवर. वर पोचून थांबलात तर टर्बोला थंड व्हायला मिनिटभर द्या, मगच इंजिन बंद करा.

माझं मत? 65-70. पाटीवर कमी लिहिलं असेल तर तेवढंच, पण गिअर उतरवून.