कॉम्प्युटरला फोन दिसेना, म्हणून मदत मागितली

फोन केबलने जोडूनही कॉम्प्युटर तो ओळखत नसेल, तर इंटरनेटवर ‘मदत केंद्राचा’ नंबर शोधत बसू नका. आमच्या मामांनी शोधला. पुढे काय झालं ते त्यांना विचारूनच लिहितोय, कारण त्यातला एक डाव मी तरी तोवर कुठे ऐकला नव्हता.

मामांना फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे होते. केबल लावली की फोन चार्ज व्हायचा, कॉम्प्युटरवर मात्र काहीच उमटायचं नाही. शोधल्यावर सगळ्यात वर जो नंबर आला ती होती जाहिरात. नाव फोनच्या कंपनीचं, माणूस भलताच. बोलायला अतिशय अदबशीर. ‘सर, तुमचा ड्रायव्हर जुना झालाय’ म्हणाला (ड्रायव्हर म्हणजे जोडलेलं उपकरण कॉम्प्युटरला ओळखता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) आणि लांबून स्क्रीन बघता येईल असा एक प्रोग्राम कॉम्प्युटरवर टाकायला लावला. मग माउसचा बाण आपोआप फिरायला लागला, काळ्या खिडकीत अक्षरं सरसर धावली आणि नवीन ड्रायव्हरच्या ‘लायसन्स’चे पैसे कार्डावरून गेले. फोनमधल्या फाइली वाचायला लागतो तो ड्रायव्हर विंडोज 10 आणि 11 मध्ये बहुतेक वेळा आधीपासूनच असतो. त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागत नाही.

पैसे मिळाल्यावर तो थांबेल असं वाटलं होतं, पण त्याला फोनमध्ये शिरायचं होतं. सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवायला सांगितलं. असं केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, आणि तिथे त्याने यूएसबी डिबगिंग चालू करून घेतलं. ही सोय ॲप बनवणाऱ्यांसाठी आहे. ती चालू असली, केबल जोडलेली असली आणि फोनने विचारल्यावर ‘परवानगी द्या’ दाबलं, की कॉम्प्युटरवरून फोनमध्ये ॲपसुद्धा टाकता येतं. इथे तर कॉम्प्युटर त्याच्याच ताब्यात होता.

पण फोन त्यालाही दिसेना! ती केबल फक्त चार्जिंगची होती. साध्या यूएसबी केबलमध्ये वीज नेणाऱ्या दोन तारा आणि माहिती नेणाऱ्या दोन असतात. स्वस्तातल्या काही केबलमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. मूळ दुखणं हेच होतं आणि मामांचा फोन त्या रस्त्याने वाचला तोही याच्यामुळेच.

मग त्याने डाव बदलला. ‘आपण केबलशिवाय पेअरिंग करू’ म्हणाला. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस, म्हणजे आपलं व्हॉट्सॲप दुसऱ्या उपकरणावरही उघडायची सोय, उघडायला सांगितलं, तिथे ‘फोन नंबरने लिंक करा’ हा पर्याय घ्यायला लावला आणि आठ अक्षरी कोड वाचून दाखवला. मामांनी तो टाकला. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे, नातवंडांनाही ते बजावत असतात. पण इथे कोड मागितला नव्हता, सांगितला होता. तो कोड त्या माणसाने स्वतःच्या ब्राउझरवर मामांचा नंबर टाकून मिळवला होता. फोनमध्ये तो टाकताक्षणी मामांचं व्हॉट्सॲप त्याच्याकडेही उघडलं.

संध्याकाळी मावशीला मामांचा मेसेज गेला, तातडीने पैसे हवेत म्हणून. खाली तिच्याशी झालेलं जुनं बोलणं होतंच, शंका घ्यायला जागा कुठली? तिने पाठवले. मामांना पत्ता नाही, कारण त्या माणसाने मावशीचं चॅट अर्काइव्हमध्ये, म्हणजे मुख्य यादीतून बाजूला, सरकवून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी मामेबहिणीला तसाच मेसेज आला आणि तिने सरळ फोन लावला, म्हणून उलगडा झाला.

तोवर मामांनी केबल काढली होती, तो प्रोग्राम उडवला होता, बँकेला सांगून कार्डही बंद केलं होतं. तरी मेसेज जातच होते. लिंक केलेल्या ब्राउझरला तुमचा फोन जवळ असावा लागत नाही, चालू असावा असंही नाही. लिंक्ड डिव्हाइसेसच्या यादीत एक अनोळखी ब्राउझर निघाला. त्यावर बोट ठेवून लॉग आउट केलं तेव्हा ते थांबलं. मग डिबगिंग बंद केलं आणि तिथेच आधी दिलेल्या परवानग्या रद्द करण्याचा पर्याय असतो, तोही दाबला. ब्लूटूथने जोडलेल्या उपकरणांची यादीही साफ केली. कॉम्प्युटरवरचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलले, कारण तो माणूस तिथे बराच वेळ मोकळा फिरत होता.

फोटो नंतर दुसऱ्या केबलने आले. अँड्रॉइड फोन जोडल्यावर 6.0 आवृत्तीपासून तो आपणहून चार्जिंगवरच राहतो. वरून नोटिफिकेशन ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावं लागतं. आयफोन असेल तर स्क्रीनचं कुलूप उघडून ‘या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का’ याला होकार द्यावा लागतो. मामांचं काम एवढ्यावर भागत होतं.

काही दिवसांनी मामांना वेगळ्याच नंबरवरून फोन आला. बाई बोलत होत्या. तुमची फसवणूक झाल्याचं आमच्याकडे नोंदलं गेलंय, पैसे परत करायचे आहेत, असं म्हणाल्या. त्यासाठी आधी कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम टाकावा लागणार होता. मामांनी फोन ठेवला आणि तो नंबरही ब्लॉक केला.