तीन अंडी, एक वॅगनआर आणि सिंहगड रोडवरचा डिटेलिंगवाला

माझी मेस आहे. रोज साठ-पासष्ट डबे जातात, बुधवारी अंडाकरी. अंडं वाळल्यावर भांड्याला कसं धरून बसतं हे मला कोणी शिकवायला नको. पण तेच अंडं गाडीच्या बॉनेटवर वाळलं तेव्हा आमच्या घरात कोणाचीच अक्कल चालली नाही, आणि ते निस्तरायला सिंहगड रोडवरच्या एका डिटेलिंगवाल्याकडे (म्हणजे गाडीचा रंग घासून-पॉलिश करून देणारा) 2,800 रुपये मोजावे लागले. हा त्या दुकानाचा रिव्ह्यू. नाव लिहीत नाही, कारण खाली थोड्या तक्रारीही आहेत.

झालं असं, की मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही लग्नाला कराडला गेलो होतो, एसटीने. गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये. रात्री बारा वाजता पोरांनी कोणाचा तरी बर्थडे केला. म्हणजे केक तोंडाला फासायचा, फेसाचा स्प्रे, आणि बर्थडे बॉयच्या डोक्यावर अंडी. तो पळाला, अंडी आमच्या निळ्या वॅगनआरवर बसली. एक बॉनेटवर, एक ड्रायव्हरच्या दारावर, एक छपरावर. आम्ही सोमवारी संध्याकाळी परत आलो. मधले दोन दिवस मे महिन्याचं ऊन.

आमच्या ह्यांनी काय केलं असेल? गीझरची कढत बादली आणली आणि ओतली. मी वरून "अहो, थांबा!" म्हणेपर्यंत हिरव्या घासणीने चार हात मारून झालेसुद्धा. अंड्याचं भांडं गार पाण्यात भिजवायचं हे मेसमधल्या नव्या मुलीलाही पहिल्या दिवशी सांगते मी. अंड्यातलं पांढरं साधारण 62-65 अंशांना धरायला लागतं, म्हणजे कढत पाणी ओतलं की उरलंसुरलं शिजून जास्तच चिकटतं. हे माहीत असलेली बाई घरात, आणि गाडीवर हाफ फ्राय!

दुसऱ्या दिवशी वॉशिंग सेंटरवर फवारा मारून घेतला. पिवळं गेलं. पण बॉनेटवर बशीएवढा, वेड्यावाकड्या कडेचा डाग तसाच, आणि त्यावर घासणीच्या जाळीदार रेघा.

मग हे दुकान. एक गाळा, आत पांढऱ्या ट्यूब ओळीने लावलेल्या, चालवणारा तिशीचा मुलगा. त्याने आधी मशीनला हातच लावला नाही, हे मला आवडलं. टॉर्च तिरका धरला आणि म्हणाला, "काकू, बसा खाली, इथून बघा." बघितलं तर तीन निरनिराळी दुखणी होती.

दारावर जिथे अंडं आपटलं तिथे तिळाएवढा टवका, आत रंगाखालचा राखाडी प्रायमर दिसतोय, आणि त्याच्या शेजारी नखाने काढावेत तसे दोन-तीन कमानदार चरे. हे कवचाचं काम. फुटलेल्या कवचाला धार असते, आणि जोरात आलं की ती रंगात घुसते. बॉनेटवरचा डाग हे पांढऱ्याचं काम. पांढरं वाळताना आक्रसतं. ओट्यावर सांडलेलं विसरलं तर सकाळी त्याची तडकलेली पापडी होते, बघा. रंगाच्या वरच्या थराला चिकटून ते असं आक्रसलं की ओढ बसते आणि कडेकडेने ठसा उमटतो. ऊन असेल तर लवकर. आणि तिसरं दुखणं, सगळ्यात मोठ्या जागेवरचं, आमच्या घासणीचं. ह्यांनी त्या वेळी फोन काढून बघायला सुरुवात केली.

एक गोष्ट त्याची चुकली. म्हणाला, "अंड्यात ॲसिड असतं ना, म्हणून." नसतं. माझी मुलगी केमिस्ट्रीला आहे, तिने घरी लाल लिटमस बुडवून दाखवला, निळा झाला. पांढरं अल्कधर्मी असतं, आणि अंडं जुनं होत जाईल तसं आणखी. डागाला फरक पडत नाही, पण गिऱ्हाइकाला शिकवताना नीट शिकवावं.

त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आहे. छपरावर 112 मायक्रॉन, बॉनेटवर 106 (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, असं त्याने सांगितलं. आपला केस त्याहून जाड असतो. पॉलिश म्हणजे तोच थर दोन-चार मायक्रॉन खरवडून सपाट करणं. म्हणून दर दिवाळीला हौसेने पॉलिश करू नका, हेही त्यानेच सांगितलं. धंदा करणाऱ्याने हे सांगावं, याचे मी वेगळे मार्क देते.

काम असं केलं: छपराच्या पन्हळीत अजून अडकलेलं अंडं होतं, त्यावर शॅम्पूच्या गार पाण्यात भिजवलेला मायक्रोफायबर वीस मिनिटं नुसता ठेवून दिला. घासलं नाही. उचलला तर सगळं मऊ होऊन कापडाबरोबर आलं. इतकंच आम्ही सोमवारी केलं असतं तर निम्मे पैसे वाचले असते! मग क्ले, म्हणजे रंगावरची चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ माती फिरवली, मग मशीनने कंपाउंड, म्हणजे घासायची जाडसर पेस्ट, मग बारीक पॉलिश. घासणीच्या रेघा पूर्ण गेल्या. बॉनेटवरचा डाग समोरून दिसत नाही; ट्यूबखाली बाजूने बघितलं तर कडेची एक पुसट रेघ दिसते. ती काढायची तर आणखी खरवडावं लागेल, नको, असं तोच म्हणाला. टवका पॉलिशने जात नाही, तिथे रंगाचा थेंब सोडलाय. शोधला तर सापडतो.

आता तक्रारी. दुपारी दोनला देतो म्हणाला, गाडी मिळाली सव्वासहाला. रात्रीचे डबे रिक्षाने पाठवावे लागले, 240 रुपये गेले. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर आणि बॉनेटच्या फटीत कंपाउंडची पांढरी भुकटी तशीच होती, ती मी घरी जुन्या टूथब्रशने काढली. आणि रंगावर संरक्षक थर चढवायचं 18,000 चं सिरॅमिक कोटिंग तीनदा गळ्यात मारायचा प्रयत्न. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "दादा, अठरा हजारांत माझा नवा फ्रीज येतो." मग गप्प बसला.

इन्शुरन्सचं म्हणाल तर, कोणी मुद्दाम नुकसान केलं तर पूर्ण पॉलिसीत क्लेम बसतो. पण आमच्या गाडीला पहिले 1,000 आपल्या खिशातले, शिवाय वर्षानुवर्षं साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. 2,800 साठी कोण करेल?

बर्थडे बॉयच्या आईने निम्मे पैसे आणून दिले. मी घेतले.

पाचपैकी साडेतीन. जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत गाडी लावा, फटी साफ करून घ्यायला आधीच सांगा, आणि बिल मागा. न मागता देत नाही.