पीठ विकलं असतं तरी परवडलं असतं

सोसायट्यांच्या हॉलमध्ये, देवळाच्या सभामंडपात, ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक उरकल्यावर हल्ली ‘मोफत बॉडी चेकअप’ नावाचा प्रकार चालतो. लॅपटॉपला जोडलेली एक डबी आणि तिला वायरने लटकलेली धातूची दांडी. दांडी मुठीत धरून मिनिटभर बसायचं, की प्रिंटरमधून पानंच्या पानं रंगीत रिपोर्ट बाहेर पडतो. हाडं, यकृत, आतडी, जीवनसत्त्वं, खनिजं, सगळं त्यात. सुई नाही, रक्त नाही, उपाशीपोटी यायचीही गरज नाही. नाशिकला माझ्या आईच्या सोसायटीत हे शिबिर झालं आणि तिच्या रिपोर्टात लाल अक्षरांत आलं: पोटॅशियम कमी.

आईचं वय ६८. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू, हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेलं स्पायरोनोलॅक्टोन चालू, आणि क्रिएटिनिन थोडं वरच्या बाजूला, म्हणजे मूत्रपिंडं जेमतेम रेटत असलेली. या दोन्ही गोळ्यांमुळे लघवीवाटे बाहेर जाणारं पोटॅशियम कमी होतं, ते अंगातच राहतं. मूत्रपिंडं थकलेली असली की अजूनच राहतं. त्या हॉलमध्ये जिला पोटॅशियम अजिबात द्यायचं नव्हतं अशी एखादी बाई शोधायची म्हटली असती, तर ती माझी आईच निघाली असती.

शिबिरात माल विकणारा मुलगा गोड बोलणारा, शर्ट खोचलेला, गळ्यात ओळखपत्र. “काकू, रात्री पोटरीत गोळे येतात का?” साठीपुढच्या कुठल्याही बाईला हे विचारा, ती हो म्हणेल. “जिने चढताना थकवा?” तोही असतोच. “मग बरोबर आलाय रिपोर्ट.” आई कोणत्या गोळ्या घेते हे त्याने विचारलंच नाही. पोटॅशियमच्या पावडरचा मोठा डबा आणि सोबत ‘खास बीपीवाल्यांचं मीठ’ असा तीन महिन्यांचा कोर्स, ७,४०० रुपये. बिल म्हणून वहीच्या कागदावर आकडा आणि सही. “वनस्पतीपासून केलंय काकू, पूर्ण नैसर्गिक. याला साइड इफेक्ट नसतो.”

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे ज्याने पहिल्यांदा आपल्या डोक्यात भरवलं त्याने बऱ्याच लोकांची पोटं भरली आहेत.

काही आठवड्यांनी आईचे पाय जड वाटू लागले. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागत. तिने त्या मुलालाच फोन केला, कारण त्याने ‘कधीही फोन करा’ म्हटलं होतं आणि खरोखर तो पहिल्या रिंगला उचलायचा. तो म्हणाला, “काकू, हे चांगलं लक्षण आहे. डिटॉक्स सुरू झालाय. साठलेली घाण बाहेर पडताना असं होतं. दोन स्कूप घेताय ना, आता तीन घ्या.” त्याचं सगळं बोलणं एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. पैसे गेले ते गेले. पण त्रास होतोय म्हणून सांगणाऱ्या बाईला तोच त्रास गुण येत असल्याची खूण म्हणून पटवून देणं, हा या धंद्यातला सगळ्यात वाईट डाव आहे, आणि तो त्यांना शिकवलेला असतो. तुमच्या घरी कोणी ‘डिटॉक्स’, ‘हीलिंग क्रायसिस’ असले शब्द वापरून त्रास सहन करायला सांगत असेल, तर ती वस्तू त्याच क्षणी बंद करा आणि डॉक्टर गाठा.

शेवटी एका सकाळी तिला गरगरलं आणि शेजारच्या काकांनी दवाखान्यात नेलं. नाडी मंद. कार्डिओग्राममध्ये टी वेव्ह टोकदार, म्हणजे पोटॅशियम वाढल्याची खूण. रक्तातलं पोटॅशियम ६.८. साधारणपणे ते ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असतं. साडेसहाच्या पुढे गेलं की हृदयाचा ठोका कधीही बिघडू शकतो. आयसीयूत आधी कॅल्शियमचं इंजेक्शन, ते हृदयाला सांभाळण्यासाठी, मग इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं, शिवाय त्याच कामासाठी नेब्युलायझरमधून औषध. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, “दुसरं काही औषध घेता का?” ती नाही म्हणाली. खोटं नव्हतं ते. तिच्या लेखी ती पावडर औषध नव्हतीच आणि मीठ तर मीठच. मी स्वयंपाकघरात डबे बघितले आणि फोटो डॉक्टरांना दाखवले, तेव्हा उलगडा झाला.

वस्तू बनावट नव्हती, आणि लोकांना सांगताना मला हेच पटवून द्यावं लागतं. डब्यात नुसतं पीठ भरून दिलं असतं तर ७,४०० रुपयांवर भागलं असतं. मिठाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत पोटॅशियम क्लोराइड ३० टक्के असं लिहिलेलं होतं. एक ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये सुमारे ५२० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. म्हणजे दिवसाला पाच ग्रॅम मीठ खाल्लं तर त्यातूनच पावणेआठशेच्या आसपास मिलिग्रॅम, वर पावडरचे स्कूप. पावडरवर ‘मिनरल ब्लेंड’ म्हणून एकच आकडा होता, आत पोटॅशियम किती आणि मॅग्नेशियम किती याची फोड नव्हती. अशी फोड नसलेला डबा विकत घेऊच नये, मग तो कोणीही विको. ज्या डब्यांवर आकडा असतो तिथेही बघावं लागतं की तो क्षाराचा आहे की प्रत्यक्ष पोटॅशियमचा. पोटॅशियम सायट्रेट एक ग्रॅम लिहिलं असेल तर त्यात पोटॅशियम जेमतेम पावणेचारशे मिलिग्रॅम असतं. परदेशातून मुलं ज्या बाटल्या पाठवतात त्या वाचून बघा. अमेरिकेत दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पूरक गोळ्यांमध्ये एका गोळीत ९९ मिलिग्रॅमच पोटॅशियम असतं, आणि हे पाहून आपल्याकडचे विक्रेते ‘त्यांचं काय, आमचं दहापट स्ट्राँग’ म्हणून मिरवतात!

अशा कमी सोडियमच्या, म्हणजे थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेल्या मिठाबद्दल मात्र गैरसमज नको. ते वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये साध्या मिठाऐवजी असं मीठ वापरण्याची शिफारसही केली आहे. पण ती निरोगी प्रौढांसाठी. मूत्रपिंडाचा विकार असलेले किंवा ज्यांच्या अंगात पोटॅशियम साठू शकतं असे लोक तिच्यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल तर पाकीट फोडण्याआधी डॉक्टरांना दाखवा. सांधेदुखीवरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही पोटॅशियम वाढवू शकतात, आणि त्या आपण चहासारख्या घेतो. (सैंधव या भानगडीत येत नाही. ते बहुतांशी साधं सोडियम क्लोराइडच असतं, त्यामुळे ‘बीपीला चांगलं’ म्हणून ते मूठभर वापरणाऱ्यांची वेगळीच फसगत चालू असते.)

आता त्या यंत्राचं. शरीरातलं जवळपास ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात असतो तो उरलेल्यातला थोडासा भाग, आणि तो रक्त काढूनच मोजावा लागतो. तळहातात दांडी धरून ते कळत नाही. लॅबमध्ये काढलेल्या रक्ताचाही आकडा कधीकधी फसवा येतो: सुई टोचताना मूठ पुन्हा पुन्हा आवळली, किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या, तर पोटॅशियम उगाच जास्त दिसतं आणि डॉक्टर चाचणी पुन्हा करायला सांगतात. माझा मामेभाऊ मुद्दाम दुसऱ्या शिबिरात गेला. आधी स्वतःच्या नावाने दांडी धरली. मग गर्दी ओसरल्यावर वेगळ्या टेबलावर ‘आईला चालवत नाही, तिचा काढून द्या’ म्हणत ७२ वर्षांच्या बाईचं नाव, उंची, वजन सांगितलं आणि टेबलावरच्या पोराला कंटाळा आला होता म्हणून दांडी यानेच धरली. दुसऱ्या रिपोर्टात अंडाशयाचं पान होतं, आणि पोटॅशियम कमी होतं!

पोटॅशियम खरोखर कमी होणारे लोकही असतात: जोरदार जुलाब-उलट्या झालेले, फ्युरोसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर असलेले. त्यांना डॉक्टर रक्त तपासून, मात्रा ठरवून देतात आणि पुन्हा तपासतात. पातळ औषध असेल तर पेलाभर पाण्यात मिसळून, जेवणानंतर, सावकाश. हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर ती चावायची किंवा कुटायची नसते, अख्खी गिळायची असते, नाहीतर आतड्याला इजा होते. बाकी ज्यांची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत त्यांना केळी, शहाळं, रताळं, डाळी, पालेभाज्या यांतून पोटॅशियम मिळतंच, डब्याची गरज पडत नाही. आणि पोटरीत गोळे येण्याची कारणं ढीगभर आहेत. पोटॅशियम हे त्यातलं एक, तेही नेहमीचं नव्हे.

तक्रारीचं सांगते. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक होता आणि ‘सरकारमान्य’ म्हणून तोच बोट ठेवून दाखवला गेला होता. तो अन्नपदार्थ बनवण्या-विकण्याचा परवाना असतो, रोग बरा होतो याचा दाखला नसतो. उच्च रक्तदाब बरा करतो अशी जाहिरात करायला औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाईच आहे, आणि त्यांच्या पत्रकावर नेमकं तेच छापलेलं होतं. थेट विक्रीच्या, म्हणजे दुकानाऐवजी वितरकांमार्फत माल विकण्याच्या, २०२१ च्या नियमांप्रमाणे माल परत घेण्याची सोयही ठेवावी लागते. कंपनीचं उत्तर आलं की विक्रेता ‘स्वतंत्र वितरक’ आहे, तो काय बोलला याला आम्ही जबाबदार नाही. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि अन्न व औषध प्रशासनाकडे पत्रक, डबा आणि लॅबच्या रिपोर्टाची प्रत दिली.

त्यानंतर त्या मुलाच्या वरच्या ‘लीडर’चा फोन आला. ताई, तीन हजार परत करतो, सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही टाकलेला मेसेज तेवढा काढा. मेसेज काढलेला नाही आणि पैसे आलेले नाहीत. त्याच ग्रुपमधल्या आणखी दोघींकडे तेच डबे निघाले. एकीला मधुमेह आहे, दुसरी रामिप्रिलवर आहे. दोघींना आधी रक्त तपासायला पाठवलं. तुमच्याकडे असा डबा असेल तर तो कचऱ्यात टाकू नका. बॅच नंबर आणि घटकांची बाजू यांचा फोटो काढा, डबा पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, आणि तक्रार करायची असेल तर तो वहीचा कागदही जपून ठेवा.