कूलंटच्या टाकीला लिंबूसत्व आणि खडे मीठ: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीतला पांढरा आणि तपकिरी थर काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरेसं आहे. त्यासाठी महागडं काही लागत नाही. पण प्लॅस्टिकच इंजिनच्या उष्णतेने पिवळं पडलं असेल तर तो पिवळेपणा डाग नव्हे, तो कशानेच जात नाही. आणि धुतलेल्या टाकीत पुन्हा बोअरचं पाणी ओतलं, तर थर परत बसतो. मराठवाड्यात हा तिसरा मुद्दा पहिल्या दोनांपेक्षा मोठा आहे.

आपल्याकडे जमिनीखाली काळा बेसाल्ट. त्यातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. कूलरच्या गवतावर मे महिन्यात जो पांढरा कडक थर चढतो, तोच कॅल्शियम कार्बोनेटचा थर कूलंटच्या टाकीत MIN आणि MAX च्या मधे गोल कड्यासारखा बसतो. पारा ४२ च्या पुढे गेला की टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी होतं, क्षार मात्र आतच राहतात. पातळी खाली गेली म्हणून आपण पुन्हा पाणी ओततो, म्हणजे पुन्हा क्षार ओततो. शिवाय नुसत्या पाण्यात गंजरोधक काही नसतं, त्यामुळे बिडाच्या ब्लॉकचा गंज सुटून टाकीत येतो. वरचा पांढरा थर आणि खालचा तांबूस गाळ असे दोन्ही मिळून टाकी इतकी मळते की बाहेरून पातळीच दिसत नाही. टाकी साफ करायचं खरं कारण हेच. बॉनेट उघडल्यावर शोभा दिसावी, हे दुय्यम.

काही ओतण्याआधी डाग ओळखा. बोटाला खरखरीत लागणारा पांढरा थर क्षाराचा. तांबूस-तपकिरी, बोटाला रंग लागतो तो गंज. नुसती हिरवट किंवा गुलाबी छटा असेल तर तो कूलंटचा रंग प्लॅस्टिकमध्ये मुरलेला आहे. तो थोडा फिका होतो, पूर्ण जात नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. काळपट तेलकट थर असेल तर ॲसिडचा उपयोग नाही, आधी भांड्यांचं जेल लागतं. दुधाळ कॉफीसारखी साय दिसली तर धुण्याचा विचारच सोडा आणि गाडी मिस्त्रीला दाखवा. तेल कूलंटमध्ये मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलरची तपासणी हवी.

आता कृती. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. झाकणावर १.१ किंवा १.४ असा दाबाचा आकडा छापलेला असेल, तर ती दाबाखालची टाकी आहे. तीतून गरम कूलंट फिरत असतं आणि गरम असताना झाकण उघडलं तर तोंडावर उसळतं. जुन्या मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या गाड्यांत बाजूला नुसती भरपाईची बाटली असते. ती वर ओढली की निघते. दाबाच्या टाकीला बहुधा १० नंबरचा पाना लागतो. होज (रबरी नळी) कुठे कोणता आहे याचा मोबाइलवर फोटो काढा, क्लिप पकडीने दाबून मागे सरकवा आणि होज आधी जागेवरच गोल फिरवून मोकळा करा. सरळ ओढू नका. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, निपल, म्हणजे होज बसतो ती तोटी, मुळातून तुटतो आणि साफसफाईच्या ऐवजी नवीन टाकीचा खर्च येतो. सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर होतं. मोकळ्या होजच्या तोंडात जाड बोल्ट किंवा चिंधीचा बोळा घाला.

निघालेलं जुनं कूलंट जुन्या कॅनमध्ये घ्या आणि लगेच बूच लावा. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड, पण विषारी. अंगणात उघडं ठेवलं तर कुत्रं किंवा वासरू तोंड घालतं. गटारीत, उकिरड्यावर, शेताच्या बांधावर ते टाकू नका.

तेलकट थर असेल तर कोमट पाण्यात एक-दोन चमचे भांड्यांचं जेल घालून टाकी आधी धुवा. हा क्रम महत्त्वाचा. तेलाच्या पापुद्र्याखालच्या क्षारापर्यंत ॲसिड पोचतच नाही, आणि मग लोक म्हणतात लिंबूसत्वात दम नाही. त्यानंतर दर लिटर पाण्याला ५० ग्रॅम लिंबूसत्व. पाणी ५० ते ६० अंश, म्हणजे बोट क्षणभरच टिकेल इतपत गरम. उकळतं पाणी वापरून काम लवकर होईल असं वाटतं, पण गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं आणि पांढरी रेती होऊन पुन्हा तळाशी बसतं. शंभर-दीडशे ग्रॅम टाकून तीव्रता वाढवण्यातही अर्थ नाही, तोच प्रकार होतो. निपलची तोंडं जुन्या ट्यूबच्या तुकड्यांनी बंद करा, टाकी गळ्यापर्यंत भरा आणि रात्रभर ठेवा. क्षार असेल तर सुरुवातीला फसफसतं, तेव्हा झाकण घट्ट लावू नका, गॅस निघू द्या. सकाळी पाणी चहासारखं झालेलं असतं. गंज जाड असेल तर दुसऱ्या रात्री ताजं द्रावण.

राहिलेल्या पापुद्र्याला घासणारं काहीतरी लागतं. दाबाच्या टाकीत आत पडदे असतात, बाटलीचा ब्रश कोपऱ्यात जात नाही. तांदूळ घालून हलवायचा उपाय सगळे सांगतात. आमच्या मते तो टाळावा. एखादा दाणा पडद्यामागे अडकतो, फुगतो आणि बारीक निपलमध्ये जाऊन बसतो. वाळू आणि गिट्टी तर नकोच, ओरखड्यांत पुढचा गाळ आणखी घट्ट बसतो. खडे मीठ दोन मुठी, अर्धी वाटी पाणी, थोडं जेल, आणि पाच मिनिटं सगळ्या बाजूंनी हलवा. राहिलेला खडा विरघळून जातो, अडकायची भीती नाही. मात्र मिठातलं क्लोराइड ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला वाईट, म्हणून धुण्यात कंजुषी नको. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून फिरवा, मग साध्या पाण्याने चार-पाच वेळा, आणि शेवटचं खळबळणं बॅटरीच्या, म्हणजे डिस्टिल्ड, पाण्याने. शेवटचं पाणी बोअरचं असेल तर ते सुकताना आपला थर सोडूनच जातं.

काही टाक्यांत पातळी दाखवणारा सेन्सर आणि चुंबकाची तरंगती गोटी असते. सेन्सरचा प्लग काढून ठेवा, त्यात पाणी जाऊ देऊ नका. क्षाराने अडकलेली गोटी लिंबूसत्वाने बहुधा मोकळी होते. टाकी उलटीसुलटी केली की टकटक आवाज येतो, तो यायला हवा.

बसवण्याआधी आत मोबाइलची टॉर्च सोडून जोडाची रेघ आणि निपलची मुळं बाहेरून पाहा. केसाएवढी भेगही टाकी बाद करायला पुरे. एम-सीलने दाबाची टाकी टिकत नाही. साफ केल्यावर गळती सुरू झाली, अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. भेग आधीचीच असते, क्षाराने बुजलेली.

इतर औषधांबद्दल थोडक्यात. निळ्या टॉयलेट क्लीनरने गंज काही मिनिटांत जातो, पण त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते सेन्सरच्या धातूला खातं, आणि घट्ट द्रव असल्याने कोपऱ्यांतून लवकर धुतलंही जात नाही. ऑक्झॅलिक ॲसिड गंजावर लिंबूसत्वापेक्षा जोरदार, पण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा पांढरा साका करतं आणि विषारीही आहे, म्हणून आपल्या भागात ते सोयीचं नाही. ब्लीच गंजाला काहीच करत नाही. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू निघतो, हे बंद शेडमध्ये काम करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं. व्हिनेगर चालतं, पण तेवढ्याच कामाला बाटल्याच्या बाटल्या लागतात.

आता महिने गेल्यावरची स्थिती. टाकीसोबत पूर्ण यंत्रणा आतून धुऊन (फ्लश करून), कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं भरलं तिथे उन्हाळा आणि पावसाळा उलटूनही पातळी बाहेरून स्पष्ट दिसते, कड्याच्या जागी नुसती पुसट रेघ आहे. फक्त टाकी धुऊन जुनंच कूलंट परत ओतलं तिथे तपकिरी रंग लवकरच परतला. साहजिकच, गंज ब्लॉकमध्ये आणि रेडिएटरमध्ये होता. भरपाईच्या साध्या बाटल्या दाबाच्या टाक्यांपेक्षा जास्त काळ स्वच्छ राहिल्या, कारण त्यांतून गरम कूलंट सतत फिरत नाही. कूलंट बदलताना आधीचं कोणतं होतं ते माहीत नसेल तर वेगळ्या प्रकारचं त्यात मिसळू नका, काही मिश्रणांचा जेलीसारखा साका होतो. आरओमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी काटकसर म्हणून ओतणारे भेटतात. ते तर मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षारांचं असतं.

बाहेरच्या बाजूला काळ्या मातीची धूळ आणि तेल यांचं लुकण बसतं. पातळ केलेलं जेल आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. थिनर नको. चमक आणणारं सिलिकॉन फवारून ठेवलं तर आपल्या रस्त्यांची धूळ आठवड्यात दुप्पट चिकटते.

ब्रेक ऑइलच्या डब्याला मात्र वरचं काहीही लागू नाही. लिंबूसत्व नाही, जेल नाही, पाण्याचा थेंबही नाही. डॉट ४ या प्रकारचं ब्रेक ऑइल ओलावा शोषतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओलावा मुरल्यावरची किमान मर्यादा १५५. कन्नडच्या औट्रम घाटात उतरताना हा फरक पायाखाली कळतो. रॉकेल-डिझेल तर अजिबात नको, आतली ईपीडीएम या प्रकारची रबरं फुगतात आणि ब्रेक जाम होतात. झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ पुसा, सिरिंजने जुनं ऑइल काढा पण तळाची छिद्रं उघडी पडू देऊ नका, नाहीतर हवा शिरते. धागे न सुटणाऱ्या कापडाने आतून पुसा, सीलबंद डब्यातलं नवं ऑइल भरा. पिवळा रंग राहिला तर राहू द्या. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी, नाहीतर रंग सोलतो.

हायड्रॉलिक स्टिअरिंगचा डबा काढून डिझेलने खळबळता येतो. आतली जाळी ब्रशने हलकेच, मग पूर्ण सुकवून थोड्या नव्या ऑइलने धुवायचा. वायपरच्या टाकीत हिरवं शेवाळ असेल तर तिथे ब्लीच चालतं: दोन लिटरला एक मोठा चमचा, अर्धा तास, आणि ते पंपातून न सोडता उपसून काढायचं. नोझल क्षाराने बुजलं असेल तर टाकी नीट धुतल्यावर लिटरला १५-२० ग्रॅम लिंबूसत्वाचं पाणी पंपाने सोडा, मग साधं पाणी, आणि काचेवर-बॉनेटवर उडालेलं पुसून घ्या.

लिंबूसत्व सुटं घेतलं तर पावसाळ्यात त्याचे गठ्ठे होतात. ताकद जात नाही, पण चमच्याने माप चुकतं, तेव्हा वजनकाट्यावर मोजा. दिसायला साखर आणि ते सारखंच, म्हणून डब्यावर नाव लिहून स्वयंपाकघराबाहेर ठेवा.