पायथॉन आणि टेक्स्ट फाइल: मोंढ्यातल्या आडतीवर आठ महिने वापरल्यानंतर

लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे. दसऱ्यापासून मालाची रोजची आवक मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेने साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नोंदवतोय. एका ओळीत एक नोंद: तारीख, गाव, माल, कट्टे, वजन, भाव. आता आठ महिने झाले. कागदी वहीइतकाच विश्वास बसलाय, पण तो बसायला एक दुपार फार वाईट गेली.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. सोयाबीनची आवक जोरात होती. मी फाइल 'डब्ल्यू', म्हणजे नव्याने लिहिण्याच्या मोडमध्ये उघडली. या मोडमध्ये एक अक्षरही लिहायच्या आधी, फाइल उघडताक्षणीच आतलं सगळं पुसलं जातं. पुढच्याच ओळीला प्रोग्राम एरर देऊन थांबला. सकाळच्या नोंदी गेल्या. मुनीमकाकांनी तोलाईच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या म्हणून शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या वेळेत निघाल्या. तेव्हापासून नोंदीसाठी फक्त 'ए' मोड, म्हणजे आहे त्याच्या खाली पुढची ओळ. नवी फाइल करायची असेल तर 'एक्स'. त्या नावाची फाइल आधीच असेल तर तो साफ नकार देतो.

ती एरर कसली होती, हे मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, सांगितलं नाही तर आमच्या विंडोजवर पायथॉन सीपी-१२५२ नावाचं एन्कोडिंग धरतो, आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. लिहिताना लगेच अडतं. वाचताना मात्र फसगत होते. यूटीएफ-८ या सगळ्या लिपी सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. त्यामुळे 'सोयाबीन'चे २१ बाइट होतात आणि चुकीच्या एन्कोडिंगने वाचले तर २१ विचित्र अक्षरं दिसतात, एरर येत नाही. 'ज्वारी'वर मात्र प्रोग्राम कोसळतो, कारण त्यातल्या जोडाक्षरातल्या हलन्ताच्या (्) शेवटच्या बाइटला सीपी-१२५२ मध्ये जागाच नाही. मी दोन दिवस ज्वारीच्या नोंदीतच चूक शोधत बसलो होतो. वाचताना आणि लिहिताना, दोन्हीकडे एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहिलं की हा त्रास संपतो. सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली फाइल) एक्सेलमध्ये उघडायची असेल तर 'यूटीएफ-८-सिग' घ्या, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला ओळखखूण असलेलं यूटीएफ-८.

लाइट जाण्याचं दुखणं आपल्याकडे आहेच. राइट केलेली ओळ आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत थांबते, लगेच डिस्कवर जात नाही. म्हणून मी दिवसभर फाइल उघडी ठेवत नाही. प्रत्येक नोंदीला 'विथ'मध्ये उघडतो, लिहितो, फ्लश आणि एफसिंक करतो, म्हणजे ओळ तिथल्या तिथे डिस्कवर ढकलतो. 'विथ'चा ब्लॉक संपला की फाइल आपोआप बंद होते. वेग थोडा कमी होतो, पण मोंढ्यातल्या सौद्याच्या गतीला तो पुरून उरतो.

वाचायला 'फॉर' लूप उत्तम, एका वेळी एकच ओळ मेमरीत येते. ओळीच्या शेवटचं न्यूलाइन (ओळ संपल्याचं चिन्ह) स्ट्रिपने काढायला विसरू नका, नाहीतर शेवटच्या रकान्याची तुलना जुळत नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मुनीमकाका आकडे देवनागरीतच टाइप करतात. त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागेल असं मी धरून चाललो होतो. पण फाइलमधून वाचलेलं '४५.५०' फ्लोटला (मजकुराचा दशांश आकडा करणाऱ्या फंक्शनला) दिलं की पायथॉन त्याचा सरळ आकडा करतो. काकांना चाळीस वर्षांची सवय मोडावी लागली नाही.