९०० ग्रॅम नेमके कशाचे?

सायकलवरून एक-दोन रात्रींच्या मुक्कामाला जाण्यासाठी एकट्यापुरता हलका तंबू विकत घेताना माझी फसवणूक झाली. ती एखाद्या मोठ्या थापेने झाली असती, तर बहुधा मला वेळेत ओळखता आली असती. जाहिरातीतला जवळजवळ प्रत्येक आकडा कशाचा ना कशाचा तरी खराच होता. मी तो ज्याचा समजत होतो, त्याचा मात्र नव्हता. अशाच खरेदीच्या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

माझ्या सायकलला मागे कॅरिअर नाही. सामान हँडलबारला बांधलेल्या गुंडाळीत, सीटमागच्या लांबट पिशवीत आणि फ्रेमच्या त्रिकोणात बसवावे लागते, त्यामुळे तंबू निवडताना वजनाइतकाच त्याच्या घडीच्या लांबीचाही विचार करावा लागतो. पर्याय मी बरेच पाहिले होते. बिव्ही, म्हणजे झोपण्याच्या पिशवीवर चढवायची जलरोधक खोळ, फार हलकी खरी. पण पाऊस लागला की तिच्यात पडून राहण्याखेरीज दुसरे काही करता येत नाही आणि उच्छ्वासातली वाफ आतच साचते. उघडा टार्प, म्हणजे दोऱ्यांनी ताणून बांधायचे नुसते छत, डासांपुढे निरुपयोगी, आणि झुल्याला योग्य अंतरावरची दोन झाडे हवीत. ट्रेकिंगच्या काठीवर उभे राहणारे तंबू ग्रॅमच्या हिशेबात फार मोहक दिसतात, कारण त्यांचा खांब वजनात धरलेलाच नसतो. पायी जाणाऱ्याच्या हातात काठी असतेच, सायकलस्वाराला मात्र ती वेगळी विकत घेऊन वेगळी वाहावी लागते. हा डाव मला ठाऊक होता. आपल्याला यातले कळते, या समजुतीतच मी पुढच्या डावात अलगद सापडलो.

जाहिरातीत लिहिले होते ते असे: एका माणसाचा, दोन थरांचा, आपल्या पोलवर उभा राहणारा तंबू, वजन ९०० ग्रॅम, कापड २० डीनिअरचे रिपस्टॉप (फाट पसरू न देणाऱ्या विणीचे) नायलॉन, पोल ॲल्युमिनियमचे, जलरोधकता ३००० मिलिमीटर, घडीची लांबी ३२ सेंटिमीटर, आणि शीर्षकातच ‘सायकल-प्रवासासाठी खास’. किंमत मात्र अशा गुणांच्या नावाजलेल्या तंबूच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. स्वस्त का, याचे उत्तर मी स्वतःलाच देऊन टाकले: मोठे नाव नाही, मधला दलाल नाही, म्हणून स्वस्त. विक्रेत्याला हे सांगण्याची गरजही पडली नाही.

पार्सल हातात घेताच ते जड लागले. घरच्या काट्यावर सगळे मिळून १,७२० ग्रॅम भरले. मग एकेक भाग सुटा करून मोजला: बाहेरचे आच्छादन ५२० ग्रॅम, तळासह आतला जाळीचा तंबू ६१०, पोल ३९०, खुंट्या ११०, ताणदोऱ्या आणि पिशव्या मिळून ९०. विक्रेत्याला हे कळवले तेव्हा अत्यंत नम्र उत्तर आले की, ९०० ग्रॅम हे केवळ आच्छादन आणि पोल घेऊन जाणाऱ्यांसाठीचे वजन आहे. मी बेरीज केली, ती ९१० आली. म्हणजे आकडा खरा होता! तो अशा तंबूचा होता, ज्याला तळ नाही, जाळी नाही आणि जमिनीत रोवायला एक खुंटीही नाही.

वजन दोन प्रकारे सांगण्याची रीत या धंद्यात जुनीच आहे. एक ‘पॅक्ड वेट’, म्हणजे पिशवीतून जे जे मिळते त्या सर्वाचे वजन. दुसरे ‘ट्रेल वेट’ किंवा ‘मिनिमम वेट’, ज्यातून खुंट्या, ताणदोऱ्या आणि पिशव्या सहसा वगळतात. प्रामाणिक विक्रेता दोन्ही आकडे देतो आणि कशात काय धरले आहे तेही लिहितो. आच्छादन आणि पोल एवढ्याच्याच आधारे तंबू उभारण्याची सोयही काही तंबूंत खरोखर असते. पण तिच्यासाठी पोलची टोके अडकवायला तंबूखाली अंथरायचा वेगळा तुकडा लागतो आणि तो माझ्या पार्सलमध्ये नव्हता. सायकलवर मात्र सगळेच वाहायचे असल्याने पहिला आकडाच विचारावा, आणि जाहिरातीत एकटाच ‘वजन’ हा शब्द असेल तर तो आकडा काहीच सांगत नाही असे धरून चालावे.

पोलची गोष्ट याहून उघडी. रंग चंदेरी, सांध्यांवर धातूच्या नळ्या, त्यामुळे लांबून ॲल्युमिनियमच वाटावेत असे. एका टोकाला चाकूच्या पात्याने खरवडले तेव्हा रंग निघाला आणि खालून पांढुरके तंतू दिसले. ते फायबरग्लास होते. फायबरग्लासचा पोल तेवढ्याच लांबीच्या चांगल्या ॲल्युमिनियम पोलपेक्षा बराच जड असतो आणि मोडतो तेव्हा वाकत नाही, उभा चिरफाळतो. ॲल्युमिनियमचा वाकलेला पोल वरून धातूची नळी सरकवून रात्र काढण्यापुरता सरळ करता येतो. फायबरग्लासच्या चिरफळ्या बोटांत घुसतात, हा अनुभव मी नंतर घेतला. लोहचुंबकाने परीक्षा करावी असे काही जण सुचवतात, पण तिचा इथे उपयोग नाही, कारण चुंबकाला ॲल्युमिनियमही चिकटत नाही आणि फायबरग्लासही नाही.

घडीची लांबी ३२ सेंटिमीटर हीसुद्धा कापडाच्या घडीची होती. पोलचा प्रत्येक तुकडा ४६ सेंटिमीटरचा निघाला. माझा हँडलबार खाली वळलेल्या टोकांचा, ४२ सेंटिमीटर रुंदीचा आहे, आणि ब्रेकच्या मुठींच्या आतली मोकळी जागा त्याहूनही कमी असते. गुंडाळी बांधून पाहिली तर पोलची टोके दोन्ही बाजूंनी मुठींना अडकत होती आणि ब्रेक पूर्ण दाबला जात नव्हता. उतारावर ही तडजोड करण्यासारखी नाही. शेवटी पोल फ्रेमच्या वरच्या नळीला बांधले आणि दर काही वेळाने गुडघा घासत गेलो. सायकलसाठी म्हणून जे तंबू खरोखर बनवले जातात त्यांच्या पोलचे तुकडे मुद्दाम आखूड, ३० सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात. ‘सायकलसाठी खास’ या शब्दांना नेमका अर्थ असलाच तर तो एवढाच.

कापडाच्या बाबतीत चूक माझीही आहे. जाहिरातीत डीनिअर होते आणि पिशवीच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवर ‘१९० टी पॉलिएस्टर’ असे छापले होते. मी दोन्ही आकडे वाचले आणि दोन्ही एकाच मापाचे असावेत असे समजून सोडून दिले. डीनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. २० डीनिअरचा एवढा लांब धागा २० ग्रॅम भरतो. ‘टी’ सांगतो ते एका चौरस इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या संख्येविषयी, म्हणजे वीण किती दाट आहे त्याविषयी. एकावरून दुसरे काढता येत नाही, आणि जिथे जाहिरातीत एक व वस्तूवर दुसरे आहे तिथे काहीतरी झाकलेले असण्याचा संभव मोठा. रिपस्टॉपच्या चौकड्या तर कापडावर चक्क छापलेल्या होत्या. खऱ्या रिपस्टॉपमध्ये ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो आणि नख फिरवले की तो हाताला लागतो. इथे नख सरळ घसरत गेले. पॉलिएस्टर वाईट असते असे माझे म्हणणे नाही. ओले झाल्यावर ते नायलॉनइतके सैलावत नाही, हा त्याचा गुणच आहे. पैसे मात्र मी नायलॉनचे मोजले होते.

आता ३००० मिलिमीटरविषयी. कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि पाणी पलीकडे झिरपू लागेपर्यंत किती उंचीच्या स्तंभाइतका दाब ते सोसते हे पाहतात. ३००० मिलिमीटर म्हणजे तीन मीटर उंचीचा स्तंभ. पावसासाठी हे भरपूर आहे. तळाला अधिक लागते, कारण ओल्या जमिनीवर टेकलेल्या गुडघ्याचा किंवा कोपराचा दाब पावसाच्या थेंबापेक्षा पुष्कळ जास्त असतो. माझ्या तंबूत ३००० होते ते तळाचे. आच्छादनाचा आकडा कुठेच नव्हता. शिवाय ही चाचणी कापडाची असते, शिवणीची नव्हे, आणि पाणी येते ते बहुधा शिवणीतून. सुईचे प्रत्येक भोक ही उघडी वाट असते. ती बुजवायला आतून पट्टी चिकटवतात. सिलिकोनचा लेप असलेल्या बाजूला अशी पट्टी धरत नाही, तिथे द्रव सीलंट लावावे लागते. पण माझ्या कापडाचा लेप पॉलियुरेथेनचा होता, ज्यावर पट्टी सहज बसते. ती फक्त दाराभोवती, म्हणजे जाहिरातीतल्या जवळून काढलेल्या छायाचित्रात जेवढा भाग दिसत होता तेवढ्यालाच लावलेली होती.

हे मला पहिल्याच मुक्कामाला, रात्री दोनच्या सुमारास कळले. तंबूच्या माथ्यावरच्या शिवणीतून थेंब आधी जाळीवर आणि तिथून माझ्या पायांवर पडू लागले. विक्रेत्याचे म्हणणे असे की ते पावसाचे पाणी नव्हे, माझ्याच श्वासाची वाफ थंड होऊन पाणी बनून ओघळली. हा बचाव चतुर आहे, कारण पुष्कळदा तो खरा असतो. वाफेचे दव आच्छादनाच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारख्या थराने धरते, निरभ्र, वारा पडलेल्या रात्री अधिक धरते आणि पहाटेकडे वाढत जाते. गळती मात्र शिवणीच्या रेषेवर, ठरावीक जागी, पावसाच्या जोराबरोबर कमीजास्त होते. वाद मिटवायचा तर तंबू दिवसा रिकामा उभारावा, वरून अर्धा तास पाणी शिंपडावे आणि आतून पाहावे. आत माणूसच नाही म्हटल्यावर श्वासाची सबब उरत नाही. मी तसे चित्रीकरण करून पाठवले. उत्तर आले की नळाच्या पाण्याचा जोर नैसर्गिक पावसापेक्षा जास्त असतो.

परत करण्याची मुदत १५ दिवसांची होती आणि फसवणुकीचा खरा कुशल भाग तिथे होता. मला कोणी नकार दिला नाही. आधी काट्यावरचे छायाचित्र मागितले, मग प्रत्येक भागाचे वेगळे, मग गळतीचे चित्रीकरण. मग ‘तांत्रिक विभाग तीन दिवसांत कळवेल’ असे सांगितले. मग नवे ॲल्युमिनियमचे पोल पाठवल्याचे कळवून एक क्रमांक दिला, जो एकाच जागी थबकून राहिला. सोळाव्या दिवशी सूर बदलला नाही, आशय बदलला: मुदत संपली आहे, तरीही सद्भावना म्हणून १५ टक्के रक्कम परत देतो, मात्र तक्रार आधी बंद करावी. मी नाही म्हटल्यावर १५चे ३० झाले. वस्तू परत पाठवायचीच असेल तर पत्ता दुसऱ्या देशातला आणि वाहतुकीचा खर्च माझा, जो ३० टक्के गेल्यावर उरलेल्या रकमेच्या जवळ जात होता.

दरम्यान मी एक घोडचूक केली. पुढचा मुक्काम ठरलेला होता, म्हणून वैतागून सगळ्या शिवणींना सीलंट लावून टाकले. नंतर कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार नोंदवली, तेव्हा विक्रेत्याने सीलंटच्या डागांची छायाचित्रे, जी मीच त्याला पाठवली होती, पुढे केली आणि ग्राहकाने वस्तूत फेरफार केल्याचे म्हटले. बँकेचा पहिला प्रश्न होता की मी वस्तू परत करण्याचा प्रयत्न कोणत्या तारखेला आणि कोणत्या शब्दांत केला. माझ्या संदेशांत तक्रारी विपुल होत्या, पण ‘मला ही वस्तू परत करायची आहे’ हे साधे वाक्य सोळाव्या दिवसापर्यंत कुठेही नव्हते. दावा फेटाळला गेला. तोपर्यंत जाहिरातीतही ‘९०० ग्रॅम’चे ‘९०० ग्रॅमपासून’ झाले होते. मूळ पानाचा स्क्रीनशॉट माझ्याजवळ उरला तो केवळ खरेदीच्या दिवशी एका मित्राला कौतुकाने पाठवला होता म्हणून.

खरेदीदारांचे अभिप्राय मी आधी वाचले नव्हते असे नाही. सरासरी ४.६ तारे पाहून वरचे चार-पाच वाचले होते. सगळे वाचले ते नंतर. जुन्या अभिप्रायांपैकी एकात ‘बसल्यावर पाठ अजिबात दुखत नाही’ असे होते आणि दुसऱ्यात पाय घडी करण्याची सोय वाखाणली होती. त्या पानावर पूर्वी खुर्ची विकली जात असे. खुर्ची काढून तंबू ठेवला आणि तारे तसेच राहिले. छायाचित्रेही नीट पाहिली असती तर एकात तीन पोल एका सांध्यात मिळताना आणि दुसऱ्यात दोन पोल एकमेकांना छेदताना दिसले असते, म्हणजे दोन वेगळे तंबू.

दुसऱ्या वेळी खरेदीआधी तीन विक्रेत्यांना एकच प्रश्न लिहून पाठवला: पिशवीसकट सगळे काट्यावर ठेवून छायाचित्र पाठवाल का, आणि पोलचा सर्वांत लांब तुकडा किती सेंटिमीटरचा आहे? एकाने जाहिरातीचेच पान पुन्हा पाठवले, एकाने उत्तरच दिले नाही. तिसऱ्याने दुसऱ्या दिवशी काट्याचे छायाचित्र पाठवले, त्यावर १,३४० ग्रॅम होते, आणि खाली लिहिले होते की पानावर १,३०० छापले आहे ते आठ खुंट्या धरून चुकीचे ठरते, दुरुस्त करतो. पोल ३० सेंटिमीटरचे आहेत. मी तो घेतला, आणि पार्सल उघडल्यावर आधी काट्यावर ठेवला.